पोरांच्या नावचे पाणी

सातारच्या शाळेत एका मुलाला बसण्यासाठी घरून गोणपाट आणावे लागे. इतर मुलांपासून लांब, कोपऱ्यात ते अंथरून तो बसे आणि शाळा सुटली की काखोटीला मारून घरी नेई. तहान लागली की मात्र त्याची पंचाईत होई. शाळेला नळ होता, नळाला पाणीही होते, पण त्याची तोटी फिरवायची त्याला मुभा नव्हती. बाकीची मुले मास्तरांना विचारून नळावर जात आणि पोटभर पाणी पीत. या मुलासाठी शाळेच्या चपराशाने येऊन नळ सोडायचा. चपराशी हजर नसला की त्या दिवशी पाणी नाही. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर आणि काळ १९०० च्या आसपासचा.

१९०१ च्या उन्हाळी सुट्टीत हाच मुलगा भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते. त्या भागात सरकारने दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम म्हणून तलावाची खोदाई काढली होती आणि तिथल्या मजुरीचा हिशेब वडिलांकडे, रामजी सकपाळांकडे होता. मुले मसूर स्टेशनावर उतरली. त्यांची जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या बोलीवर. डबा बरोबर होता, पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दिसले त्यात चिखल आणि गुरांचे मलमूत्र कालवलेले होते, त्यामुळे चार घास खाऊन डबा झाकावा लागला. रात्री नाक्यावर मुक्काम पडला. गाडीवानाच्या सल्ल्यावरून भीमरावाने आपण मुसलमान असल्याची बतावणी करून नाकेदाराकडे पाणी मागितले, तरी ते मिळाले नाही. बाप दुष्काळी तलावाच्या कामावर आणि पोरे त्याच्या वाटेवर तहानलेली, असा हा प्रवास. आंबेडकरांनी पुढे आपल्या इंग्रजी आठवणींत तो बारकाईने लिहून ठेवला आहे.

मुलांना पाण्याचे मोल शिकवायचे म्हटले की आज घोषवाक्ये, निबंध आणि चित्रकला स्पर्धा डोळ्यांपुढे येतात. गळका नळ आणि त्याखाली रडणारी पृथ्वी हे चित्र महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या भिंतींवर रंगले असेल याची गणती नाही. या शिकवणीचा इतिहास मात्र त्या भिंतींहून पुष्कळ जुना आहे आणि तो शाळेच्या वेळापत्रकात सापडत नाही. पाणी कोणी शेंदायचे, कोणी आधी भरायचे, कोणाच्या ओंजळीत वरून ओतायचे, कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे, हे मोठ्यांनी ठरवले. मुले ते बघत वाढली. नियम बदलले तसा धडाही बदलला.

पुण्याचेच घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरात तलावाचे काम सुरू झाले. तिथले पाणी दगडी भुयारी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत खेळवले गेले. सगळा कारभार उतारावर चाले. नळात कोंडलेली हवा निघून जावी म्हणून वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधलेले होते. काळा हौद, नाना हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावे जुन्या पुण्यातली माणसे पत्ता सांगताना अजून घेतात. अभियांत्रिकी म्हणून हे काम नामी होते. पण पाणी पेठेत आले म्हणजे पेठेतल्या प्रत्येकाला मिळाले असे नव्हे. कोणत्या हौदाला कोणी हात लावायचा हे जातीवर ठरे, आणि ते पाटीवर लिहावे लागत नसे. चार-पाच वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असे.

हा अलिखित नियम जोतीराव फुल्यांनी आपल्या घरापुरता मोडला. १८६८ मध्ये त्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याआधी २० वर्षे, १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती. त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. चरित्रांत शाळा एका प्रकरणात येतात आणि हौद दुसऱ्या. ही वाटणी सोयीची असेल, पण खरी नाही. ज्या मुलाला अक्षर शिकवायचे त्याला तहान लागल्यावर काय करायचे, हा प्रश्न शाळेच्या पहिल्याच दिवशी उभा राहतो, आणि सातारच्या त्या नळावरून दिसते की पुढची ५० वर्षेही तो सरकारी शाळांनी सोडवला नव्हता.

फुल्यांच्याच वर्तुळातले डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शल्यचिकित्सक होते. त्यांची लहानगी मुलगी काशीबाई अकाली वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी १८८० च्या सुमारास बुधवार पेठेत, फरासखान्याजवळ, एक हौद बांधला आणि त्यावर मुलीची मूर्ती बसवली. लोकांनी त्याचे नाव पाडले बाहुलीचा हौद. घोल्यांनी मुलीला शिकवायला घेतले म्हणून चिडलेल्यांनी तिला काचेचा चुरा घातलेला लाडू खाऊ घातला, अशी आख्यायिका पुण्यात सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. हौद सगळ्या जातींना खुला होता, एवढे मात्र खरे. शिकणाऱ्या मुलीची आठवण बापाने देवळात किंवा घाटावर न ठेवता सर्वांना पिता येईल अशा पाण्यापाशी ठेवली, हे त्या काळातले मोठे धाडस म्हणायला हवे.

कायद्याला तिथवर यायला आणखी चार दशके लागली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. विहिरी आणि शाळा एकाच ठरावात आल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तळ्यावर जायची हिंमत कोणाची झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सातारच्या शाळेतला तोच मुलगा आता बॅरिस्टर झाला होता. पुढे तळे खाजगी असल्याचा दावा करत मंडळी न्यायालयात गेली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. दहा वर्षे एका तळ्याच्या पाण्यासाठी!

घरातला धडा वेगळा होता आणि तो बहुतेक मुलींच्या वाट्याला आला. आधी तांब्या, मग कळशी, मग चुंबळीवरचा हंडा, अशी भांड्याच्या आकारावरून मुलीचे वय कळावे अशी ही शाळा. आडाचे पाणी खोल गेले की दोर वाढवायचा, पोहरा काठाला न आपटता वर घ्यायचा, हिंदकळले तरी रस्त्यावर सांडू द्यायचे नाही, धुण्याचे पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे परसातल्या आळवाला. हे कोणी व्याख्यान देऊन शिकवले नाही. खेप जितकी लांबची तितकी ही शिकवण पक्की होत गेली. नळ घरात आलेल्या शहरी घरांत याच्या नेमके उलट घडले. रात्रीचे पाणी सकाळी शिळे झाले म्हणून मोरीत ओतून द्यायची पद्धत तिथे सर्रास दिसते. दुष्काळी गावात पाणी शिळे होत नाही, कारण ते रात्रभर उरतच नाही. पण हंड्याखालच्या या शिकवणीचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. पाण्याचे मोल कळलेल्या त्या मुलींपैकी कितीतरी जणींना त्यापायीच शाळा सोडावी लागली.

शेताच्या पाण्याची जुनी शिस्त बघायची तर खानदेशात जावे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर सुमारे ३०० वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले असत. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पिकांची फिरती पाळी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाऊस कमी झाला तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे सगळ्यांनी बसून ठरवायचे. एकाच माणसाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने तोटा एकट्यावर पडत नसे. युक्ती साधी होती आणि टिकली. मोठ्या धरणांनी आणि विहिरींवरच्या पंपांनी ती मोडीत काढली, याची हळहळ पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासकांनी बरीच व्यक्त केली आहे. ती रास्तच आहे. पण फडात हिस्सा होता तो जमिनीला. ज्याच्या बापाकडे रान नाही, त्या पोराने पाट भरून वाहताना काठावर उभे राहून बघायचे. शिस्तीच्या गोडव्यात ही बाजू सहसा झाकली जाते.

ती बाजू उघडी पाडली १९७२ च्या दुष्काळाने. पाऊस लागोपाठ हुकला, जनावरे बाजारात कवडीमोल झाली आणि माणसे रस्त्याच्या, पाझर तलावांच्या, नाला बांधांच्या कामावर गेली. आयांबरोबर मुलेही तिथेच उन्हात असत. बाहेरून आलेल्या लालसर मिलो ज्वारीच्या भाकरीची आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची चव त्या पिढीतले लोक अजून सांगतात. या कामांतून रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार विलासराव साळुंखे या दिवसांत पुरंदर तालुक्यात फिरले. लोक खडी फोडत होते, पण त्याने पुढच्या वर्षीचे पाणी काही वाढणार नव्हते. साळुंख्यांनी नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड माळरानाची जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तिथे बांधबंदिस्ती केली, पाण्याचा थेंब अडवून मुरवला आणि त्यावर पीक काढून दाखवले. त्यातून १९७४ मध्ये पाणी पंचायत उभी राहिली. तिचे काम ग्राम गौरव प्रतिष्ठान बघू लागले.

पाणी पंचायतीचे नियम आज वाचले तरी दचकायला होते. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याच्याकडे २० एकर आहेत त्यालाही तेवढेच. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतःच्या खिशातून घालायचा. वाटपासाठी पाटकरी नेमायचा आणि त्याने सोडलेल्या पाळीवर वाद घालायचा नाही.

आता हा हिशेब घरात नेऊन बघावा. आई, बाप आणि तीन पोरे अशा पाच माणसांच्या घराला अडीच एकरांचे पाणी. त्यातले दीड एकर पोरांच्या डोक्यामागचे. ज्यांच्या नावावर सात-बारा नाही, मत नाही, कर्ज नाही, त्यांच्या नावावर पाणी होते. पाण्याच्या वाटपात मुलांना शिर म्हणून मोजणारी दुसरी व्यवस्था महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण. अशा घरात पाणी जपण्यावर वेगळे प्रवचन लागले नसेल. भाकरीच्या वाटणीइतकीच ती उघड गोष्ट होती. राज्याच्या कालव्यांनी मात्र हा हिशेब कधी स्वीकारला नाही. तिथे पाणी जमिनीच्याच मागे गेले, आणि जमीन उसाच्या मागे. उसाने महाराष्ट्राला साखर कारखाने दिले, शिक्षणसंस्था दिल्या, मंत्री दिले. पुरंदरच्या माळावरच्या उसबंदीकडे त्या मंत्र्यांनी कौतुकाने पाहिले आणि ते पुढे गेले. साळुंखे २००२ मध्ये गेले.

मुलांना मोजण्यापासून मुलांनी मोजण्यापर्यंतचा टप्पा अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) गाठला गेला. हिवरे बाजार हे एकेकाळी पैलवानांसाठी ओळखले जाणारे गाव. पर्जन्यछायेतले, सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचे. १९७२ नंतर गावाची घडी विस्कटली, डोंगर बोडके झाले, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली आणि हातभट्ट्या मात्र राहिल्या. १९८९ मध्ये गावाने पोपटराव पवार या वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या तरुणाला सरपंच केले. सुरुवातीच्या कामांतच शाळेच्या खोल्या होत्या. बाप श्रमदानाला तयार होतो तो आधी पोराच्या वर्गासाठी आणि मग डोंगरावरच्या चरांसाठी. हा क्रम राजकारण म्हणूनही शहाणपणाचा होता. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री ठरली. रोजगार हमीच्या आणि १९९४ पासून आदर्श गाव योजनेच्या पैशातून डोंगरावर सलग समपातळी चर निघाले, नाले बांधले गेले, झाडे लागली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हेही ठरले.

ही कामे इतर गावांतही झाली आहेत. हिवरे बाजार वेगळे ठरले ते हिशेबामुळे. पावसाळा सरला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पाऊस पडला, किती मुरला, किती वाहून गेला, माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी किती राखायचे, उरलेल्यात रब्बीला काय पेरायचे. या हिशेबाच्या नोंदींत शाळेतल्या मुलांचा हात असतो. मुले पर्जन्यमापकातला पाऊस वाचतात, ठरलेल्या विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी घेतात आणि आकडे वहीत उतरवतात. मिलिमीटरचे लिटर कसे करायचे, हेक्टरवर पडलेला पाऊस म्हणजे किती पाणी, हे गणित फळ्यावरचे राहत नाही, कारण ग्रामसभेत त्यावरून पिके ठरतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. चौथीच्या पोराला हा गुणाकार येतो, आणि त्याचे उत्तर कमी आले तर बापाला गव्हाऐवजी ज्वारी किंवा हरभऱ्याकडे वळावे लागते. सातारच्या शाळेतल्या मुलाला नळाला हात लावायची परवानगी नव्हती, आणि शंभर वर्षांनी याच राज्यातल्या शाळकरी मुलांचे आकडे ग्रामसभेत जातात.

सगळीकडे असे झाले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाणी घेऊन लातूरला पोचली. पहिल्या खेपेला १० वाघिणींत पाच लाख लिटर, नंतर ५० वाघिणींत २५ लाख. त्याआधी शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले होते. त्या उन्हाळ्यात लातूरची मुले पाण्याविषयी जे शिकली ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते, आणि शिकवूही नये.

त्याच वर्षी पानी फाउंडेशन या संस्थेची, गावांनी पाणी अडवण्याची वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिले बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पटकावले. पुढच्या वर्षी ३० तालुके, त्यापुढे ७५. स्पर्धा ४५ दिवसांची, एप्रिल-मेमधली, म्हणजे बऱ्याचशा शाळांना सुट्टी असतानाची. त्यामुळे डोंगरावर घरेच्या घरे दिसत. समपातळी रेषा आखायला लाकडी ए-फ्रेम पुरते, आणि ती दहा-बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात जमते. मोठ्यांना डोंगराचा उतार डोळ्यांनी कळतो असा भ्रम असतो; मुलांना तो नसल्याने त्यांच्या खुणा अनेकदा अधिक नेमक्या पडतात. जलतज्ज्ञांनी नाला खोलीकरणाच्या सरसकट उत्साहावर आणि यंत्रांच्या वापरावर जी टीका केली तीही विसरता येत नाही. शिवाय ४५ दिवसांत अडवलेले पाणी नंतर कोण कसे उपसतो, याला स्पर्धेत गुण ठेवणे अवघडच होते. अडवण्याचा उत्सव होतो, वाटपाचा होत नाही.

दरम्यान पाणी अभ्यासक्रमातही शिरले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले होते. महाराष्ट्रात २०१९ नंतर अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आणि नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हे विषय आले. पुस्तकांत जलचक्र आहे, पाणलोट आहे, प्रकल्प आहेत. पण विषय श्रेणीचा. ज्या विषयाची टक्केवारीत भर पडत नाही त्याच्या तासाला गणिताचे मास्तर येऊन बसतात, ही शाळांतली जुनी वहिवाट. प्रकल्पाच्या वह्या वर्षअखेरीला सुबक कव्हर घालून जमा होतात आणि त्यातल्या आकड्यांवरून कुठल्याही गावाचे पीक बदलत नाही.

२५ डिसेंबर २०१९ रोजी केंद्राने अटल भूजल योजना सुरू केली. सात राज्ये, त्यांत महाराष्ट्र. योजनेत निवडलेल्या ग्रामपंचायतींनी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा असे ठरले, म्हणजे हिवरे बाजारने स्वतःहून लावून घेतलेली सवय आता सरकारी नमुन्यात आली. पर्जन्यमापक बसले, विहिरींवर क्रमांक पडले. नमुना भरणे अवघड नाही. पाऊस कमी पडल्याचे आकडे समोर असताना ग्रामसभेत उठून एखाद्या बागायतदाराला यंदा ऊस लावू नको असे सांगणे अवघड आहे, आणि गावच्या मुलांचे लक्ष नेमके तिकडे असते.